ग्यानीजींची लांब अरदास

आमच्या गावात कुठलंही काम रखडलं, की लोक म्हणायचे, "झाली ही ग्यानीजीची अरदास!" तलाठ्यानं एका सहीसाठी चार चकरा मारायला लावल्या, की ग्यानीजीची अरदास. नवरदेवाची गाडी वेळेवर मांडवात आली नाही, की ग्यानीजीची अरदास. ज्या माणसाच्या नावानं ही म्हण पडली होती, तो स्वतःही ती वापरायचा, आणि वापरून झाल्यावर इतका वेळ हसत बसायचा की चेष्टा करणाऱ्याचीच पंचाईत व्हायची.

हे गाव हिंगोलीहून नरसीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यातली माणसं अजून तिथं नांदतात. मी मूळची वसमतची. त्या गावच्या उपकेंद्रात नऊ वर्षं नर्स होते. माझ्या उपकेंद्राची आणि गुरुद्वाराची भिंत एकच. गुरुद्वारा म्हणजे एक मोठी खोली, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत जोडे ठेवायची लोखंडी फळी आणि अंगणात केशरी निशाण. शिखांची घरं सात. सगळी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, बोली आपलीच, अर्ध्यांनी तर पंजाब पाहिलाही नव्हता. आमचा नामदेव त्यांच्या ग्रंथात आहे, म्हणून पंजाबातून नरसीला येणाऱ्या गाड्या इथं चहापाण्याला थांबायच्या. गावाला त्या घरांचं परकेपण कधी वाटलं नाही.

अरदास म्हणजे त्यांची उभ्यानं करायची प्रार्थना. एक जण मोठ्यानं मागणं मागतो, बाकीचे हात जोडून उभे राहतात आणि मधून मधून 'वाहेगुरू' म्हणतात. ती चालू असेपर्यंत कुणी जागचं हलत नाही, जोडलेले हात कुणी सोडत नाही, नाकावर माशी बसली तरी. अरदास संपली की प्रसादाच्या शिऱ्याला कृपाण, म्हणजे कमरेची छोटी तलवार, लावायची आणि मग तो शिरा वाटायचा. या गुरुद्वाराची सेवा करणाऱ्या ग्यानीजींची अरदास मात्र संपायचं नाव घ्यायची नाही. ठरलेले शब्द झाले, की पंजाबी, दखनी आणि मराठीच्या खिचडीत त्यांचं स्वतःचं मागणं सुरू. पाटलाची म्हैस आटली आहे तिला दूध येऊ दे, शाळेच्या मास्तरांचा गुडघा बरा कर, बाजूच्या गल्लीतल्या दोघी जावांचं भांडण मिटव. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकायची. त्यात एक मागणं रोजचं होतं, "सिस्टरबाईची बदली होऊ नको देऊ." आणि मी इकडं बदलीसाठी अर्जावर अर्ज करत होते! तोवर शिऱ्यावरचं तूप थिजून जायचं.

त्यांना साखर होती, म्हणजे रक्तातली. दर सोमवारी बोट पुढं करून माझ्यासमोर बसायचे. आकडा पाहून मी ओरडायची.

"ग्यानीजी, काल शिरा खाल्ला?"

"शिरा न्हाई खाल्ला बाई, प्रसाद खाल्ला."

"त्यात साखर नसते का?"

"असते की. पण ती गुरूची. तुझ्या मशीनला वळखू येत न्हाई, त्याला मी काय करू?"

बुटका, रुंद माणूस. भट्टीच्या धुरानं पगडीचा मूळ रंग कुठला ते सांगता यायचं नाही. पोटापाण्याला लोहारकी आणि सकाळ-संध्याकाळ ग्रंथाची सेवा. खुरपं, विळा, कुऱ्हाड असली तर बोलणं-चालणं नाही, काम हातात दिलं की झालं. पण कुणी तलवार नाहीतर लांब सुरा घेऊन आला, की भाता थांबायचा आणि प्रश्न यायचा, "काय कापायचंय?"

एका वर्षी मिरवणुकीच्या आधी गावातली चार पोरं तीन तलवारी घेऊन आली. मी तिथंच होते, ग्यानीजींच्या भाजलेल्या अंगठ्याची पट्टी बदलत होते.

"कापायचं काई न्हाई, ग्यानीजी. मिरवणुकीत नाचवायच्यात."

"मग धार कशाला? नाचायला धार लागते व्हय?"

त्यांनी तिन्ही तलवारी घेतल्या, आणि जी काय थोडीफार धार होती ती कानस मारून काढून टाकली. वरून आरशासारखी चमक दिली. पोरं भडकली. त्यातला एक म्हणाला, "तुमच्या तलवारी चालतात, आमच्याच डोळ्यात खुपून राहिल्या काय?"  ग्यानीजी तशाच अर्ध्या पट्टीनं उठले, गुरुद्वाराच्या भिंतीवरची मोठी तलवार काढून आणली आणि त्या पोरांच्या देखत तिच्या धारेवरून आपला चांगला अंगठा कचकन दाबून ओढला. रक्ताचा थेंब नाही. पोरं तलवारी उचलून गेली.

मला तेव्हा त्या तलवारीची गोष्ट माहीत नव्हती. पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढच्या सोमवारी बोटाला सुई टोचता टोचता मी विचारलंच, "ग्यानीजी, राग मानू नका. तुमच्या धर्मात तर तलवार कमरेलाच बांधायला सांगितली. मग धर्मासाठी मारलेलं चालतं म्हणायचं ना?"

"काहून राग मानू? सरळ सवाल हाय." त्यांनी कापूस बोटावर दाबून धरला. "गुरूनं तलवार दिली, हे खरं. दुबळ्यावर कुणी चालून आला अन् सगळे उपाय सरले, तर उचल म्हणला. खोटं सांगणार न्हाई. पण त्याच गुरूच्या फौजेत एक माणूस होता. पखाल घेऊन फिरायचा अन् दुश्मनाच्या जखमींनाबी पाणी पाजायचा. लोकांनी तक्रार केली. तर गुरूनं त्याला शिक्षा न्हाई केली, वरून मलमाची डबी दिली. म्हणला, पाणी पाजतोस तसं मलमबी लाव. आता तूच सांग बाई, गुरू तलवारीचा का डबीचा?"

"दोन्हीचा."

"व्हय. पण लोकाला तलवार तेवढी याद राहते."

"आणि सगळे उपाय सरले, हे ठरवायचं कुणी?"

"ते तिथंच तर घोडं अडतं," ग्यानीजी म्हणाले. "एवढं पक्कं, की रागातल्या माणसानं न्हाई ठरवायचं. त्याला पहिला उपायच शेवटचा दिसतो."

बलवीर हा त्यांचा पुतण्या. चाळिशीचा, उंच, रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. ग्यानीजींना मूलबाळ नव्हतं, त्यांनीच त्याला वाढवलं, म्हणून तो त्यांना 'बाबा' म्हणायचा. बलवीर तसा कामाचा माणूस, माझ्या उपकेंद्राचं मोडकं गेट त्यानं फुकट जोडून दिलं होतं. पण धर्माचा विषय निघाला की त्याच्या मानेची शीर तटकन फुगायची. त्याचा बाप ट्रक चालवायचा. चौऱ्याऐंशीच्या त्या दिवसांत उत्तरेकडं कुठंतरी जमावानं त्याला ट्रकसकट जाळलं. बलवीर तेव्हा आईच्या पोटात होता.

एकदा काका-पुतण्याचं यावरूनच वाजलं. बलवीर पाय आपटत गेला आणि ग्यानीजी माझ्या बाकड्यावर येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं.

"भावाची खबर आली तशी मी भट्टी पेटवली. दोन दिवस विझू न्हाई दिली. ती भिंतीवरची तलवार तेव्हाची. तिसऱ्या दिवशी ती घेऊन बाहेर पडलो. जो पहिला दिसंल तो, असं ठरवून."

"आणि?"

"पहिली दिसली कडूबाई. तुला माहीत हाय ना, माळावरची म्हातारी? तवा तरणी होती. कमरेवर लेकरू अन् हातात मूठ निघालेलं खुरपं. म्हणली, 'दादा, दोन दिवसांपासून भट्टी चालू दिसून राहिली, मला वाटलं दुकान उघडं हाय. एवढी मूठ बसवून दे की.'"

"मग?"

"मग काय. बसवली." ग्यानीजी हसले, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. "तलवारीची धार काढली अन् भिंतीला टांगली. बलवीरला एवढंच माहीत हाय की बाप जाळला. मी निघालो होतो हे त्याला न्हाई सांगितलं. लाज वाटते बाई."

आता त्या सकाळचं सांगते.

हळद शिजवायचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडं शिवारात कढया पेटलेल्या असतात आणि बाहेरून आलेल्या मजुरांचे हातपाय पिवळेधमक झालेले असतात. मला हिंगोलीला मीटिंग होती. उपकेंद्राला कुलूप लावून मी सकाळीच गेले आणि साडेदहाला परत आले, तर गुरुद्वारासमोर माणसं जमलेली. बलवीरची बायको रानी पडवीत तोंडावर ओढणी दाबून रडत होती.

"सिस्टर, गुरूच्या अंगावरचं वस्त्र ओढलं हो कुणीतरी," ती म्हणाली.

हे समजून घ्यायला पाहिजे. त्यांच्या लेखी तो ग्रंथ म्हणजे पोथी नाही, जिवंत गुरू आहे. रात्री त्याला निजवतात, पहाटे उठवतात, उन्हाळ्यात वारा घालतात. त्याच्यावरचं वस्त्र कुणी ओढलं, तर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याच्या अंगावरचं कुणी फेडल्यासारखं. रानी झाडायला आली तेव्हा ग्रंथ उघडा पडला होता, वस्त्र ओढताना त्याचं एक पान फाटलं होतं, आणि ते वस्त्र अंगाला गुंडाळून एक माणूस पांढऱ्या चादरीवर झोपला होता. दारापासून तिथंपर्यंत चादरीवर पिवळ्या पावलांचे ठसे.

मी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि दारातून आत डोकावले. तो माणूस भिंतीला टेकून बसला होता. कपाळ फुटलं होतं, कुणीतरी आधीच हात चालवला होता. त्याचे दात कडकड वाजत होते. अशी थंडी भरलेले शेकडो जण मी पाहिलेत, त्याला हात लावायची गरज नव्हती. आणि मग मला कळलं. हा माणूस माझ्याकडं आला होता. माझ्या दाराला कुलूप होतं. शेजारचं दार उघडं होतं.

"अरे, तो आजारी आहे! ताप आहे त्याला!" मी ओरडले.

"सिस्टर, तुमी मधी पडू नका," बलवीर म्हणाला. भिंतीवरची तलवार त्याच्या हातात होती. आजूबाजूला दहा-बारा जण, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात गज. एक तरणा गडी मोबाईल वर धरून उभा होता. म्हणाला, "व्हिडिओ टाकलाय. नांदेडपर्यंत गेला. गाड्या निघाल्यात."

मी पडवीत येऊन पोलिसांना फोन लावला. निघालोच म्हणाले, अर्धा तास. मग रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला लावला. पोलीस आधी येतात की गाड्या, एवढाच प्रश्न उरला होता, आणि बलवीर दोघांचीही वाट पाहणार नव्हता.

तेवढ्यात ग्यानीजी आले. भट्टीवरून तसेच, कोपरापर्यंत काळे. सरळ आत जातील असं वाटलं, तर हा माणूस नळाजवळ गेला, जोडे काढून फळीवर ठेवले, हात धुतले, पाय धुतले, पाय पुसले. इथं माणूस मरतोय आणि यांचं सोवळं चाललंय! मला इतका संताप आला की मी खांब धरून उभी राहिले, नाहीतर काहीतरी बोलले असते.

ते आत गेले. ग्रंथापुढं डोकं टेकलं. मग फाटलेलं पान त्यांना दिसलं. धुतलेलं बोट त्यांनी त्या फाट्याजवळ नेलं, पण लावलं नाही. दुसरं वस्त्र काढून ग्रंथावर पांघरलं आणि वळले. वळताना त्यांचा उजवा हात कमरेच्या कृपाणीवर गेलेला मी स्पष्ट पाहिला. बाकी कुणी पाहिला की नाही माहीत नाही.

"बाबा," बलवीरचा आवाज चिरकला होता, "तूच म्हणत होतास ना, सगळे उपाय सरल्यावर. आता सांग, कोणता उपाय बाकी राहिला?"

त्या माणसाचे दात वाजत होते, तेवढाच आवाज.

"अरदास बाकी हाय," ते म्हणाले.

"आधी याचा निकाल लावू. मग अरदास."

"गुरूच्या दरबारात, गुरूला न विचारता? तू कोण निकाल लावणारा?"

आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी ग्रंथाकडं तोंड केलं, हात जोडले आणि अरदास सुरू केली.

पहिल्यांदा रानी हात जोडून उभी राहिली. मग एक म्हातारा. गज जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मोबाईल खिशात गेला. बलवीर तसाच उभा होता. पण जन्मल्यापासून ज्याच्या मागं उभं राहून तो हात जोडत आला, तो आवाज चालू झाला होता. त्यानं तलवार चादरीवर ठेवली आणि हात जोडले. नखं पांढरी पडेपर्यंत दाबून जोडले. डोळे मात्र त्या माणसावरच.

ठरलेले शब्द संपले. ग्यानीजींचं मागणं सुरू झालं. पाटलाची म्हैस आली, मास्तरांचा गुडघा आला. आणि मग ते म्हणाले, "वाहेगुरू, ज्याचे हात आता जोडलेले न्हाईत, त्याला अक्कल दे."

सगळे 'वाहेगुरू' म्हणाले. मीही म्हणाले. मला काही कळलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"ज्याचे हात मोकळे हायत, ज्याला हलता येतं, त्याला अक्कल दे. लौकर दे."

तेव्हा लख्ख उजेड पडला. दारात उभी, हात मोकळे, हलायची मुभा असलेली मी एकटीच होते.

मी आत गेले. माझी शाल काढली. त्या माणसाच्या अंगावरचं वस्त्र अलगद सोडवून घेतलं आणि घडी करून ग्रंथाच्या पायाशी ठेवलं, दोन्ही हातांनी. चुकलं असेल तर त्यांचा गुरू बघून घेईल. मग शाल त्याच्याभोवती गुंडाळली आणि बगलेत हात घालून त्याला उठवलं. तो माझ्या दुप्पट वजनाचा होता. त्याला समजत नव्हतं, तो घोगऱ्या आवाजात "पाणी, पाणी" करत होता. दारापर्यंत जायचं तर बलवीरच्या समोरून जावं लागत होतं. इतक्या जवळून गेलो की त्याचा श्वास माझ्या गालाला लागला. त्याचे हात जोडलेलेच होते. नुसते सोडले असते तरी पुरलं असतं. त्यानं सोडले नाहीत.

एका हातानं त्याला सावरत मी उपकेंद्राचं कुलूप उघडलं. आत शिरल्यावर कडी लावली, टेबल ओढून दाराला लावलं, त्याला निजवलं, पाणी पाजलं. ताप एकशे चारच्या वर. कपाळ पुसताना भिंतीपलीकडून ग्यानीजींचा आवाज येत होता.

"वाहेगुरू, एक गोष्ट तुला ठाव हाय, पण माझ्या लेकराला ठाव न्हाई. त्याचा बाप जाळला तेव्हा मी तलवार घेऊन निघालो होतो. तीच ही, चादरीवर पडलेली. ज्यांनी जाळलं ते कुठं होते, मला माहीत नव्हतं. मी माळावरच्या कडूबाईला मारणार होतो. तिच्या कमरेवर लेकरू होतं. तू तिच्या हाती खुरपं दिलं अन् मला वाचवलं. आज माझ्या बलवीरच्या हाती काय देतो ते तू बघ."

पलीकडून या वेळी 'वाहेगुरू' आलंच नाही. मी भिंतीला कान लावला. मग एकच आवाज आला, फाटका, "वाहेगुरू." कुणाचा ते भिंतीतून ओळखू आलं नाही.

अरदास चालूच राहिली. किती वेळ, मी घड्याळ पाहिलं नाही. पोलिसांची जीप आली, पाठोपाठ एकशे आठ आली. माणूस हिंगोलीला गेला. पंधरा-वीस मिनिटांनी दोन गाड्या भरून तरणी माणसं उतरली, घोषणा दिल्या, हात हलवत परत गेली.

तो माणूस वाचला. चार दिवसांनी त्याच्या मुकादमानं त्याला परस्पर त्याच्या गावी पाठवून दिलं. नाव काय ते मी दवाखान्याच्या कागदावर वाचलं होतं, पण ते इथं कशाला.

सात घरांनी आता ग्यानीजींना डोक्यावर घ्यायला हवं होतं, असं मला वाटत होतं. पण पुढच्या आठवड्यात सगळे जमले तेव्हा ग्यानीजी स्वतःच उठून उभे राहिले. म्हणाले, "मी अरदासीत खोट केली. तोंड गुरूकडं होतं, ध्यान दाराकडं होतं. मला शिक्षा सांगा." पाच जाणत्यांनी बसून शिक्षा सांगितली, त्यांच्या रिवाजाप्रमाणं. चाळीस दिवस येणाऱ्याजाणाऱ्यांचे जोडे पुसायचे. आणि इथून पुढं अरदास बलवीरनं करायची.

मी तावातावानं पडवीत गेले. ग्यानीजी फळीजवळ बसून कुणाचा तरी चिखलाचा बूट पुसत होते.

"माणूस वाचवला म्हणून शिक्षा? हा कुठला न्याय?"

"वाचवल्याबद्दल न्हाई बाई." ते बूट पुसतच राहिले. "तुला वाटतं, मी त्यांचे हात बांधायला अरदास केली. सगळ्यांना तसंच वाटतं. मी माझे बांधले. पान फाटलेलं पाहिलं अन् हात मुठीवर गेला. ती भिंतीवरची तलवार बोथट हाय. ही कमरेची न्हाई."

"मी पाहिलं होतं," मी म्हणाले.

"मला ठाव हाय तू पाहिलं. म्हणून तर सांगितलं." आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवण्यात काय अर्थ.

बलवीर त्यांच्याशी बोलत नव्हता. यायचा, जोडे काढून फळीवर ठेवायचा, आत जायचा. ग्यानीजी ते जोडे पुसून ठेवायचे. तो परत यायचा, घालायचा, जायचा. त्याची अरदास म्हणजे पत्रा कापल्यासारखी, खटाखट. शिरा चटके बसेल इतका गरम मिळायला लागला. गाव म्हणायचं, आता म्हण बदलावी लागणार.

महिना होत आला असेल. एका दुपारी ग्यानीजींनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं.

"सिस्टर, तो त्या दिवशी अनवाणी होता का गं?"

"होता. हळदीवरचा मजूर, त्याला चपला कुठल्या?"

त्यांनी एक जोड माझ्यासमोर ठेवला. रबराच्या चपला, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. "खालच्या फळीवर, पार मागं होत्या. रोज पुसून ठेवून राहिलो. वाटलं, कुणी यात्रेकरू इसरला. आज उलटी करून पाहिली." तळव्याच्या खाचांत हळद भरलेली होती. पिवळीजर्द.

मी चपला हातात घेतल्या. एकशे चार ताप, उभं राहवत नाही, डोळ्यापुढं अंधार, आणि तो माणूस वाकला होता. चपला काढल्या होत्या, फळीवर लावून ठेवल्या होत्या, मग आत गेला होता. चादरीवरच्या त्या ठशांना पाचही बोटं होती. आम्ही सगळ्यांनी ते ठसे पाहिले होते, मी नर्स असून पाहिले होते, आणि कुणाच्याही मनात आलं नाही की हा माणूस अनवाणी का आहे.

संध्याकाळी बलवीर आला. ग्यानीजींनी काही न बोलता तो जोड त्याच्या बुटांशेजारी ठेवला.

"कोणाच्या?" इतक्या दिवसांतला त्याचा पहिला शब्द.

"त्याच्या."

बलवीरनं वाकून एका चपलेचा तळवा पाहिला. मग आत गेला. त्या दिवशीही अरदास तेवढीच छोटी झाली.

पुढच्या वर्षी माझी वसमतला बदली झाली. ग्यानीजींनी अरदास सोडली आणि माझी बदली झाली, याला मी योगायोग म्हणते, ते म्हणत नाहीत. निघायच्या संध्याकाळी टेंपोत सामान भरून मी निरोप घ्यायला गेले. चाळीस दिवस कधीच संपले होते, तरी ते फळीजवळच बसलेले. खालच्या फळीवर तो रबरी जोड, पुसून लावून ठेवलेला.

"साखर सांभाळा," मी म्हणाले.

"आता काय, बाई. बलवीरची अरदास झटपट, शिरा गरम, मी हात धुऊन जाईपर्यंत खलास. तुझ्या मशीनची चैन झाली."

मी आत जाऊन माथा टेकला आणि बाहेर आले. माझ्या चपला पुसलेल्या होत्या. आत अरदास सुरू झाली. मी एक पाय चपलेत घातला. ठरलेले शब्द संपले. आता 'वाहेगुरू' होऊन संपणार, म्हणून मी थांबले. तर बलवीर घसा खाकरून, कुणावर तरी खेकसल्यासारखा म्हणाला,

"अन् ज्याचा जोड बाहेर पडून हाय, तो जिथं असंल तिथं त्याला बरा ठेव."

ग्यानीजींच्या हातातला फडका खाली पडला. त्यांनी बसल्या जागी हात जोडले.

"अन् त्याच्या अंगावर हात उगारला, त्याची माफी दे," आतून आवाज आला. "अन् माझ्या बाबाला... अन् माळावरच्या कडूबाईला बरं ठेव. अन् पाटलाच्या म्हशीला..."

बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. मागणं लांबत चाललं होतं, आत शिरा गार होत होता, आणि मी एक पाय चपलेत, एक जमिनीवर, अशी हात जोडून ग्यानीजींच्या शेजारी उभी राहिले.